श्वास मोजणारी माणसं

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या गेवराई तालुक्यात पक्षाघाताला 'पक्षाघात' कुणी म्हणत नाही. 'अंगावरून वारं गेलं' म्हणतात. आयुर्वेदानं हा आजार वाताच्या विकारांत मोजला, त्याचीच ही बोलीतली खूण. दवाखान्याच्या चिठ्ठीवर आम्ही डॉक्टर मंडळी इंग्रजीतला 'स्ट्रोक' लिहितो. घरचे मात्र वारं कुठल्या बाजूनं गेलं, तेवढंच विचारतात. आज मी बोलणार आहे ते या वाऱ्याबद्दल आणि दुसऱ्या एका वाऱ्याबद्दल. तो म्हणजे आपला रोजचा श्वास, जो काहींच्या बाबतीत रात्री झोपेत मध्येच थांबतो. या दोघांचं नातं वैद्यकाला किती उशिरा कळलं, त्याची ही हकिगत आहे. तिची सुरुवात मात्र माझ्या गावापासून, चकलांब्यापासून करावी लागेल.

१९९८ सालचा जानेवारी. ऊसतोडीचा हंगाम ऐन भरात होता. बीड जिल्ह्यातली खेडी त्या दिवसांत कशी असतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. कर्ती माणसं कोयते घेऊन कारखान्यांवर गेलेली आणि गावात म्हातारी माणसं, शाळकरी पोरं आणि दाराला कुलपं. माझे चुलते, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो, उमेदीची पुष्कळ वर्षं ऊसतोडीला गेले. अठ्ठावन्नाव्या वर्षी मात्र कोरडवाहू दोन एकरांवर घरीच होते. अंगानं काटक, बिडीची सवय, रक्तदाब कधी तपासलेला नाही. एका पहाटे उजवा हात-पाय लुळा पडला आणि बोलणं जड झालं. जीप मिळेपर्यंत ऊन वर आलं. बीडला दहा-बारा दिवस काढून तात्या खाटेवरून परत गावी आले.

मी तेव्हा नवा डॉक्टर होतो. रविवारी एस.टी.नं गावी जायचो, तात्यांचा हात-पाय हलवून घ्यायचो, व्यायाम शिकवायचो. तात्या व्यायाम करता करता पेंगायचे. जेवताना घास तोंडात धरून डोळे मिटायचे. मला वाटायचं, माणसानं मन घेतलंय, उमेद सोडलीय. एका रविवारी काकू मला ओसरीवर घेऊन गेली आणि म्हणाली, "आरं बापू, ह्यांचा दम रातच्याला अडकतो बघ. आधी मोठ्यानं घोरतेत, मग एकदम गप. मी मोजत बसते. ईसापस्तोर मोजते, कधी पंचविसापस्तोर, मग हिसका बसल्यावानी दम घेतेत. मला काय डोळा लागंना."

काकू शाळेत गेलेली नव्हती. आकडे तिला बाजारापुरते यायचे. पण एका रात्रीत असं किती वेळा होतं, ते तिनं सांगितलं. तेवढ्यांदा मोजून मग तिनं मोजायचं सोडून दिलं होतं, म्हणाली.

मी काय सांगावं? म्हटलं, "काकू, घोरतात म्हणजे गाढ झोप लागलीय. चांगलं आहे की." शिवाय तात्या रात्री तीन-चारदा लघवीला उठतात, कळवळतात, असं ती म्हणाली म्हणून मी झोपेची गोळी लिहून दिली. चौदा महिन्यांनी तात्यांना दुसरा झटका आला आणि त्यात ते गेले. ते श्वासामुळेच गेले, असं मी म्हणत नाही. रक्तदाब होता, बिडी सुटली नव्हती, गोळ्यांत खंड पडत होता. पण काकूनं माझ्या हातात रोगाचं नेमकं वर्णन ठेवलं होतं आणि मला ते वाचता आलं नाही. पुढे २००५ साली एका वैद्यकीय नियतकालिकात या विषयावरचा लेख वाचला, तेव्हा मला ती ओसरी आठवली. मग मी मागं मागं जात राहिलो आणि थेट डब्लिनला पोचलो.

१८१८ साली आयर्लंडमधल्या डब्लिनच्या एका वैद्यकीय अहवालात जॉन चेन नावाच्या डॉक्टरनं एका रुग्णाची हकिगत छापली. रुग्ण साठीचा. मेंदूचा झटका आलेला, म्हणजे आपल्या भाषेत वारं गेलेलं. शेवटच्या आठ-नऊ दिवसांत चेनला त्याच्या श्वासाची एक तऱ्हा दिसली. श्वास पाव मिनिट पूर्ण थांबायचा. मग अगदी हलका सुरू व्हायचा, चढत चढत धापेसारखा व्हायचा, पुन्हा उतरत जाऊन थांबायचा. हे एक आवर्तन सुमारे मिनिटभराचं. पाव मिनिट म्हणजे पंधरा सेकंद. काकूचे वीस आकडे आणि चेनचं पाव मिनिट यांत फारसं अंतर नाही. दोघांकडेही यंत्र नव्हतं. दोघंही उशापाशी बसून मोजत होते.

१८५४ साली डब्लिनच्याच विल्यम स्टोक्सनं हृदयविकारावरच्या आपल्या ग्रंथात हीच तऱ्हा पुन्हा वर्णन केली आणि दोघांची नावं जोडली गेली. 'चेन-स्टोक्स श्वसन' हे नाव आम्ही परीक्षेसाठी घोकलं होतं. पण ते घोकताना डोळ्यांसमोर असायचा तो शेवटच्या घटका मोजणारा माणूस. म्हणजे हे वर्णन आमच्या लेखी मरणाची खूण होऊन बसलं होतं. खुणेवर कुणी उपचार करत नाही. श्वास थांबण्याचं हे गाजलेलं वर्णन झटका आलेल्या माणसाच्या खाटेजवळ लिहिलं गेलं आणि तरी दीडशेहून अधिक वर्षं या दोन गोष्टींचा एकत्र विचार करायचं फारसं कुणाच्या मनात आलं नाही.

त्याला एक कारण घडलं, आणि तेही एका कादंबरीमुळे. चार्ल्स डिकन्सच्या 'पिकविक पेपर्स'मध्ये (१८३६-३७) जो नावाचा एक जाडजूड पोरगा आहे. कुठंही, उभ्या उभ्याही, झोपतो आणि घोरतो. वाचक त्याला हसले. १९५६ साली अमेरिकेतल्या बरवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अतिशय लठ्ठ आणि सतत पेंगणाऱ्या एका रुग्णाबद्दल लिहिताना या आजाराला 'पिकविकियन सिंड्रोम' असं नाव दिलं. तो रुग्ण व्यापारातला बडा माणूस. पत्ते खेळताना हातात तीन एक्के आणि दोन राजे असूनही त्याला झोप लागली आणि डाव हुकला, म्हणून तो इस्पितळात आला! नाव चटकन लोकप्रिय झालं आणि तिथंच वाट चुकली. डॉक्टरांच्या डोक्यात जाड माणसाचं चित्र बसलं. तात्यांसारखा काटक माणूस त्या चित्रात बसतच नव्हता. शिवाय रुग्ण दिवसा का पेंगतो, हे जो तो दिवसाच शोधत होता. रात्री त्याच्याजवळ जागत बसलं कोण?

आपल्याकडेही काही वेगळं नव्हतं. सुश्रुतानं अतिस्थूल माणसाची लक्षणं सांगताना 'क्रथन' हा शब्द वापरला आहे आणि टीकाकारांनी त्याचा अर्थ एकाएकी श्वास अडणे असा केला आहे. म्हणजे निरीक्षण होतं. पण ते मेदाच्या प्रकरणात राहिलं आणि पक्षाघात वाताच्या प्रकरणात. 'हे सगळं आमच्याकडे आधीच होतं' असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. शब्द होता, एवढंच मला महत्त्वाचं वाटतं.

१९६५ साली अखेर कुणीतरी रात्री जागलं. फ्रान्समधल्या मार्सेला गास्तो आणि त्यांचे सहकारी, तर जर्मनीतल्या फ्रायबुर्गला युंग आणि कूलो. या दोन्ही गटांनी झोपलेल्या माणसाच्या मेंदूच्या लहरी आणि श्वास रात्रभर कागदावर उतरवला. त्यात दिसलं की असा माणूस गाढ झोपलेलाच नसतो. घसा मिटतो, हवा आत जात नाही, छाती नुसती धडपडते, मग मेंदू त्याला क्षणभर जागं करतो, घसा उघडतो आणि घोरण्याचा मोठा आवाज होतो. रात्रीतून शेकडो वेळा. पुढे स्टॅनफर्डला गिलेमिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सत्तरच्या दशकात 'स्लीप अ‍ॅप्निया' हे नाव रूढ केलं. आपण त्याला 'झोपेतला श्वासरोध' म्हणू.

रोग सापडला, पण उपाय अघोरी होता. १९६९ साली कूलो आणि सहकाऱ्यांनी गळ्याला भोक पाडून श्वासनलिकेत नळी बसवली. वरचा मिटणारा भाग टाळून हवा थेट खाली जायची आणि रुग्ण खरोखर बरा व्हायचा. पण गळ्यात भोक घेऊन आयुष्य काढायला कोण तयार होईल?

ऑस्ट्रेलियात सिडनीच्या एका रुग्णानं १९८० साली नेमका हाच नकार दिला. त्याचा आजार गंभीर होता, पण गळा कापून घ्यायला तो तयार नव्हता. त्याचे डॉक्टर कॉलिन सलिव्हन हे कुत्र्यांच्या झोपेतल्या श्वसनावर प्रयोग करत. नाकावर बसणारे मुखवटे करण्याचा सराव त्यांना तिथं झाला होता. त्यांनी व्हॅक्यूम क्लीनरसारखा हवा फेकणारा पंखा घेतला, नळी लावली आणि नाकातून हलक्या दाबानं हवा सोडली. सायकलच्या ट्यूबमध्ये हवा भरली की ती चिकटत नाही, तसा त्या दाबानं घसा मिटेनासा झाला. लागणारा दाब किती? पाण्याच्या स्तंभात मोजला तर साडेचार ते दहा सेंटिमीटर, म्हणजे पेल्यातल्या पाण्याच्या उंचीएवढा. तो माणूस रात्रभर शांत झोपला. पाच रुग्णांचा वृत्तांत १९८१ च्या एप्रिलमध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. आज ज्याला सीपॅप म्हणतात ते यंत्र हेच. सुरुवातीला मुखवटा नाकाला चक्क चिकटवावा लागे. एका रुग्णाच्या हट्टातून हे यंत्र आलं, हे मला नेहमी सांगावंसं वाटतं.

आता पुन्हा पक्षाघाताकडे. १९८५ साली फिनलंडच्या पार्टिनेन आणि पालोमाकी यांनी मेंदूच्या झटक्यानं आजारी पडलेल्या पुरुषांमध्ये घोरण्याची चौकशी केली आणि दोन्हींचा संबंध दाखवला. म्हणजे डब्लिनमध्ये सुटलेला धागा १६७ वर्षांनी पुन्हा हाती आला. त्यानंतर प्रश्न आला कोंबडी आधी की अंडं आधी, असा. झटक्यामुळे श्वास बिघडतो, की श्वास बिघडल्यामुळे झटका येतो? बार्सिलोनाच्या पारा आणि सहकाऱ्यांनी २००० साली १६१ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दहापैकी सुमारे सात जणांत श्वासरोध सापडला. तीन महिन्यांनी पुन्हा तपासलं, तेव्हा चेननं पाहिलेला प्रकार, ज्यात मेंदूकडून श्वासाचा हुकूमच सुटत नाही, तो कमी झाला होता. घसा मिटण्याचा प्रकार मात्र होता तेवढाच राहिला. त्यावरून असं वाटतं की तो बहुधा झटक्याच्या आधीपासूनच होता. २००५ साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या यागी आणि सहकाऱ्यांनी हजाराहून थोड्या अधिक लोकांचा मागोवा घेऊन दाखवलं की श्वासरोध असणाऱ्यांना झटका किंवा मृत्यू यांचा धोका जवळपास दुप्पट असतो. मी ज्या लेखाचा उल्लेख केला, तो हाच.

धोका का, ते थोडक्यात सांगतो. श्वास थांबला की रक्तातला प्राणवायू उतरतो. शरीर घाबरतं, नाडी आणि रक्तदाब उसळतो. झोपेत रक्तदाबानं खाली यावं, तर तो रात्रभर उड्या मारत राहतो. झटक्यातून उठणाऱ्या मेंदूला नेमकी विश्रांती हवी असते आणि त्याच काळात रोज रात्री त्याची हवा बंद होते. असा माणूस दिवसा पेंगतो, चिडतो, उदास होतो, व्यायाम टाळतो. आणि पहिले काही महिने तर हातापायांत जीव परत आणण्याचे. ते पेंगण्यात गेले की भरून काढणं अवघड. आपण घरचे आणि डॉक्टरही त्याला आळशी ठरवतो. मी तात्यांना ठरवलंच होतं.

आपल्या राज्यात या विषयाकडे लक्ष गेलं ते मुंबईत. हिंदुजा रुग्णालयाचे डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी २००४ साली मध्यमवयीन शहरी पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ही आजारी माणसं नव्हती, नेहमीच्या आरोग्य तपासणीला आलेली होती. त्यांच्यात झोपेतले श्वसनदोष १९.५ टक्के आणि दिवसाच्या पेंगेसह असलेला श्वासरोध ७.५ टक्के निघाला. हा साहेब लोकांचा आजार नाही, हे त्यातून कळायला हवं होतं, पण अभ्यास शहरातला म्हणून पुष्कळांनी तो शहराचाच मानला. खेड्यातल्या पक्षाघाताचं चित्र पुढे गडचिरोलीतून आलं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेतले डॉ. योगेश्वर काळकोंडे आणि सहकाऱ्यांनी ८६ गावांतल्या दोन वर्षांच्या मृत्यूंची कारणं शोधली. २०१५ साली ती प्रसिद्ध झाली. मृत्यूच्या कारणांत पक्षाघात पहिला होता, १४.३ टक्के. म्हणजे साधारण सात मृत्यूंमागे एक. गडचिरोलीच्या जंगलात जर हे, तर आमच्या ऊसतोडीच्या जिल्ह्यात काय असेल, याचा विचार मी तुमच्यावर सोपवतो.

मग यंत्र लावलं की काम झालं? इथं इतिहास पुन्हा अडखळतो. २०१६ साली 'सेव्ह' नावाच्या मोठ्या चाचणीचे निकाल आले. सात देश, त्यांत आपलाही, आणि हृदयविकार किंवा मेंदूचा झटका होऊन गेलेले २७१७ रुग्ण. सीपॅपमुळे पुढचे झटके कमी झाले नाहीत. पेंग कमी झाली, मन सुधारलं, कामाच्या खाड्यांत फरक पडला, पण मुख्य आशा फोल ठरली. पुष्कळ जण निराश झाले. एक आकडा मात्र विसरू नये. रुग्णांनी यंत्र लावलं ते रात्री सरासरी ३.३ तास. अर्धी रात्र घसा उघडा आणि अर्धी मिटलेला, याला उपचार म्हणावं की न म्हणावं, यावर अजून वाद आहे. याआधी २०११ साली टोरांटोला रायन आणि सहकाऱ्यांनी पुनर्वसनातल्या ४४ रुग्णांचा छोटा अभ्यास केला होता. चार आठवड्यांत हालचाल काहीशी सुधारली, दिवसाची झोप आणि उदासी कमी झाली; चालण्याचं अंतर मात्र वाढलं नाही. अमेरिकेच्या हार्ट आणि स्ट्रोक असोसिएशनच्या २०२१ च्या सूचनाही जपूनच बोलतात. झटका आलेल्या रुग्णात श्वासरोधाची तपासणी करण्याचा विचार करावा, आणि तो असला तर सीपॅपचा उपयोग होऊ शकतो, असं त्या म्हणतात. माझंही मत तेच. पुढचा झटका टळेल असं वचन मी देत नाही. दिवसा जागं राहून व्यायाम करता येईल, एवढं सांगतो. आमच्या कामात तेही थोडं नाही.

यंत्र चकलांब्यात चालवायचं म्हणजे काय, हेही सांगायला हवं. किंमत हजारोंच्या घरात. वीज गेली की पंखा बंद. आणि सगळ्यांत मोठी अडचण म्हणजे एक हात लुळा असलेल्या माणसाला मुखवट्याचा पट्टा एकट्यानं बांधता येत नाही. तोंड एका बाजूला वाकडं असलं तर हवा निसटते. बोलता येत नसेल तर टोचतंय, गुदमरतंय, हे सांगता येत नाही. म्हणून मी यंत्र आधी घरच्या माणसाला शिकवतो, दिवसा, रुग्ण जागा असताना, अर्धा-अर्धा तास. ज्या घरात सून किंवा बायको मुखवटा बसवायला शिकली, त्या घरात तो टिकला. बाकी ठिकाणी तो फडताळात गेला.

आणि ज्यांना यंत्र परवडत नाही, त्यांच्यासाठीही काही आहे. उताणं झोपलं की जीभ आणि टाळू मागं पडून घसा लवकर मिटतो. म्हणून रुग्णाला कुशीवर झोपवावं, पाठीला गोधडीची वळकटी लावावी, लुळ्या खांद्यावर भार येऊ देऊ नये. उशाकडची बाजू थोडी उंच करावी. दारू बंद. झोपेची गोळी डॉक्टरांना हे सगळं सांगितल्याशिवाय देऊ नये. ती घसा आणखी सैल करते. मी दिली होती. रक्तदाबाची गोळी मात्र एक दिवसही चुकवू नये. आणि तपासणीला जाताना रात्री मोजलेलं सांगावं. दहा आकड्यांच्या वर श्वास थांबतो का, किती वेळा थांबतो, उठल्यावर डोकं दुखतं का. जमलं तर मोबाइलवर दोन मिनिटं टिपून न्यावं. डॉक्टर 'गाढ झोप आहे' म्हणाले तर पुन्हा सांगावं.

२०२० च्या सप्टेंबरात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम निघाली आणि पथकं घरोघर प्राणवायू मोजत फिरली. जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७४ साली ज्या तत्त्वाचा शोध लावला, त्यावर चालणारं ते चिमटीएवढं यंत्र. हे गृहस्थ त्याच वर्षी एप्रिलमध्ये वारले. श्वासरोधाच्या तपासणीतही हेच मोजमाप लागतं, फक्त रात्रभर नोंद ठेवणारं. काकूच्या बोटालाही आशाताईनं तो चिमटा लावला. सत्त्याण्णव आले. काकूनं आकडा विचारून घेतला, चिमटा उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, "हे रातच्याला, निजल्या माणसाला लावता येतंय का?" आशाताईला तिच्या प्रश्नाचा रोख कळला नाही. मी शेजारी उभा होतो, मी हो म्हणालो. काकू पुढं काही बोलली नाही, चिमटा परत देऊन आत गेली.

माझ्या केसपेपरवर आता पक्षाघाताच्या रुग्णासाठी एक ओळ वेगळी आहे. रात्री शेजारी कोण झोपतं, ते तिथं लिहितो आणि पुढच्या वेळी त्या माणसाला सोबत आणायला सांगतो. बहुतेक वेळा बाईच येते. दाराशी उभी राहते. खुर्ची पुढं करून तिला बसवावं लागतं, आणि मगच ती सांगू लागते.